होळीला गेलेली मेढ

ती ना? ती होळीत गेली, मॅडम. — नाय नाय, खरंच सांगतो, ती वर बेचकं असलेली काळी मेढ, जिच्यावर तुमी फोटोत लाल गोल करून पाठवलं होतंत, तीच. गेली. पोरांनी नेली शिमग्याला. मी कळवणार होतो तुमाला, पण तुमचा फोन यायचा नेमका मशीन चालू असताना, आन मशीन चालू असली की ह्या वखारीत देव जरी बोलला तरी ऐकू यायचं नाय — नि मग संध्याकाळी वाटायचं, आता कशाला मॅडमना त्रास. आता तुमी टेंपोच घेऊन आलात म्हटल्यावर... बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो. हो, हसा, अख्ख्या कर्जतच्या खुर्च्या-टेबलांना लाकूड चिरून देतो नि आपलं स्टूल डुगडुगतंय, चालायचंच. हितं फळीवर बसा. करवंदं घ्या. घ्या हो, ताजी हायत, सकाळीच आलीत डोंगरावरनं, पानाच्या द्रोणात बघा कशी टपोरी दिसतात. मी? मी नाय खात. आवडतात, तसं नाय, पण — दात. दात आंबतात. तुमी खा.

तुमच्याकडं सोसायटीत होळीला वर्गणी काढून लाकडं आणतात, नाय का? आमच्याकडं होळीचं लाकूड इकत नाय आणायचं. चोरायचं. मान असतो चोरण्याचा. शिमगा आला की पोरं फिरतात गावभर — कुणाचा कुंपणाचा खांब, कुणाची मोडकी बाज, एका वर्षी तर एकाच्या बैलगाडीची चाकं गेली, नि गाडीवाला सकाळी बैल घेऊन उभा! कंप्लेंट नाय, भांडण नाय. ज्याचं गेलं त्यानं तोंडावर हात मारून बोंब मारायची, पायजे तेवढ्या शिव्या द्यायच्या नि मोकळं व्हायचं. पण एकदा होळीवर पडलेलं लाकूड परत घरी आणायचं नाय, मग ते घराचं दार का असंना. आन गावात वखार एकच, मग पोरं पहिली कुठं येणार? आमचा बा, आबाजी, ही वखार त्यानंच घातली, तो मुद्दाम ढलप्यांचा ढीग गेटाबाहेर ठेवायचा नि आत खाटेवर मोठ्यांदा घोरायचा, म्हंजे पोरांना वाटावं आपण खरोखर चोरतोय. म्हणायचा, मागून दिलं तर होळीला काय गोडी. मी पण तेच करतो. नंदा, आमची मंडळी, म्हणते, तुमी कशाला खोटं घोरता, झोपा की सरळ, आवाज तोच येतो. — तर अशी गेली बघा ती मेढ. माझा काय इलाज?

पण तुमाला जुनं लाकूडच पायजे ना बाकड्याला? मग या, हे बघा. ही तुळई, खालापूरच्या अंगाला एक भाताचं कोठार पाडलं त्यातली, सागवानी, वरनं दिसती मळकट पण एक पट्टी चिरली की आत पिवळीधमक. हे वासे शेलूचे — तिथं आता इमारतीवर इमारती — घरमालकानं स्वतःच आपल्या घराचा माळा टेंपोत भरून आणला, माझ्या दारात उतरवला, नि मागं वळून बघितलं नाय. आन ह्या फळ्यांना खिळ्यांची भोकं हायत, पण हल्ली भोकं असली की लोकं जास्तच खूश होतात. मला नाय कळत. आमी जन्मभर भोकं बुजवायलाच शिकलो. पळसदरीला धरणाकडं तुमचं घर, समोर पाणी, तिथं व्हरांड्यात ह्या सागवानाचं बाकडं असं शोभंल की — नाय? तीच पायजे होती. हो, कळतं मला. पण गेलेलं माणूस नि होळीत गेलेलं लाकूड — अहो कुठं चाललात? मागं काय नाय मॅडम. भुसा हाय नुसता. साप निघतो तिथं, मागच्याच आठवड्यात — चपला बघून, खिळे पडलेत — मॅडम, ती ताडपत्री नका ओढू, धूळ उडंल, तुमचे कपडे —

हां.

हीच ती.

असं बघू नका. थांबा, मी जरा पाणी पितो. तुमी म्हणाल, हा माणूस लबाड हाय, दुसऱ्या कुणाला तरी जास्त भावानं देणार असंल, म्हणून आपल्याला होळीची गोष्ट सांगतोय. तसं असतं तर बरं झालं असतं हो. गिऱ्हाईकाशी केलेली लबाडी धंद्यात चालून जाते. ही तुमच्यासाठीच ठेवली होती. तुमच्यासाठीच तर सगळं झालं. — नाय, तुमचा काय दोष नाय, तुमी काय केलंत, तुमी फोटोवर एक लाल गोल केलात. आता झाकू नका. राहू दे उघडी. इतके दिस ताडपत्रीखाली हाय, नि मला रोज ताडपत्रीतनं दिसतीच हाय.

ही माझी नाय. म्हंजे इकत घेतलेली नाय मी. ही भागूमावशीची. वर वाडीवर राहते, ठाकरं हायत ती लोकं, डोंगराच्या कुशीत वाडी हाय त्यांची, तुमच्या घराच्या गच्चीतनं दिसंल बघा तो डोंगर. करवंदं, जांभळं, पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजाराला उतरते, नि जाताना माझ्याकडनं चुलीला भुसा नि ढलप्या नेते. बाच्या वेळेपासनं नेते. बा तिला कधी नाय म्हणाला नाय नि मी पण नाय. मावशी म्हणतो तिला, नात्याची नाय. तर तिचं जुनं घर पाडलं, कुडाचं, नि सरकारी घरकुल झालं. पक्कं, स्लॅबचं. सगळ्यांचीच झाली. आन त्याला दार बसवलं लोखंडी चौकटीचं, नि चौकटीला खाली उंबराच नाय. तीनच बाजू. फरशी सरळ आतनं भायेर. ही बाई त्या घरात राहायला गेली नि तिला झोप येईना. मला येऊन म्हणते, हिरामण, उंबरा नाय तर घर कुठं संपतं नि रान कुठं सुरू होतं, कसं कळायचं रं? मला हसू आलं. पण खरं हाय ना. हळदकुंकू कशावर घालणार? लक्ष्मी काय ओलांडून येणार? मग म्हणाली, जुन्या घराची मधली मेढ ठेवलीय मी, तिच्यातनं एक उंबरा काढून दे. मेढ म्हंजे — ही बघा, घराच्या मधोमध उभी असती, वरच्या ह्या बेचक्यात आढं बसतं, सगळं छप्पर तिच्यावर. तिच्या घरवाल्यानं रानातनं आणलेली, ऐनाची, एकट्यानं खांद्यावर, त्यांची ठमी पोटात होती तेव्हा. तो गेला, त्याला बरीच वर्षं झाली. हात लावा. लावा, आता काय. जन्मभर चुलीचा धूर खाल्लाय तिनं, वाळवी काय, खिळा शिरायला मागत नाय. ह्या हितं, कमरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत झालीय बघा? ती उठताना बसताना हात टेकायची तिथं.

वाडीवरच्या पोरांनी उतरवून दिली मला. काम किती? काय नाय, दोन टोकं मारायची, चारी अंगं चिरायची, रंधा मारायचा — चहा गार व्हायच्या आत होतंय. आन मी काय केलं? आज करतो मावशी, उद्या करतो मावशी. लाईट नाय मावशी. ब्लेड आणायचीय मावशी. का? तसं काय कारण नाय. खरं सांगू का — मोठं गिऱ्हाईक आलं की तिचं काम मागं जायचं. फुकटचं काम, त्यात वाडीवरची बाई, ती काय ओरडणार हाय का? ती यायची, बघायची, मेढ तशीच भिंतीला उभी, नि म्हणायची, हां, होईल रं, मेढ कुठं पळतीय. हसायची. तिचं ते हसणं मला — असू दे.

मग तुमी आलात. आठवतं? तुमच्या त्या आर्किटेक्टबरोबर. तुमी आत आलात नि असं वर बघितलंत सगळीकडं नि म्हणालात, काका, तुमच्याकडं खजिना हाय. मॅडम, तुमाला वाटत असंल तुमी सहज बोललात. पण ह्या वखारीला गेल्या कित्येक वर्षांत चांगलं कुणी बोललंच नव्हतं. लोकं येतात, प्लायवुड हाय का विचारतात, नाय म्हटलं की जातात. पोरगी मुंबईला नोकरीला, ती म्हणते, बाबा, इका ती जागा, गोडाऊनला द्या, हायवेला लागून हाय. नि तुमी म्हणालात खजिना! त्या रात्री जेवताना मी नंदाला चार वेळा सांगितलं. मग मी तुमाला फोटो पाठवले, असेच, ढिगांचे, भिंतीचे, आपली हौस. त्यात एका कोपऱ्यात ही उभी होती. तुमी तिच्यावरच लाल गोल केलात. लिहिलंत, हीच, दुसरी कुठलीच नको, मधून चिरून बाकडं करू. आन मी काय लिहिलं? लिहायला पायजे होतं, ही दुसऱ्याची हाय. एवढं लिहायला काय लागतं? मी अंगठा पाठवला. तो पिवळा अंगठा. झालं. पैशासाठी नाय हो, पैशासाठी केलं असतं तर निदान मला माझंच कळलं असतं. तुमी पुन्हा खजिना म्हणावं म्हणून.

तरी पण मी म्हटलं, बघू, मावशीला समजावू, तिला दुसऱ्या लाकडाचा उंबरा देऊ, चांगला सागवानी, तिला काय, उंबरा पायजे. अशी मी माझीच समजूत घालत होतो. मनात चोर असला की माणूस लई हिशेबी होतो बघा. नि आला शिमगा. पोरं आली, मी घोरलो, ढलप्या नेल्या, एक मोडकं कपाट होतं ते नेलं. मेढीला हात पण नाय लावला कुणी, ती आतल्या बाजूला होती. सकाळी मी गेट उघडतोय तर भागूमावशी दारात. शिमग्याचा सण म्हणून लवकर उतरली होती, नवं लुगडं नेसून. म्हणाली, हिरामण, आज सण हाय, आज उंबरा दिलास तर सणाला बसवीन. आन माझं तोंड — देवाशपथ सांगतो, मी ठरवलं नव्हतं, तोंडच बोललं — मावशी, काय सांगू, पोरांनी नेली गं रातीला. होळीला.

बघा, केवढं सोपं! गावात दुसरं काय बी सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुणी, कधी, चल बघू. होळीला गेलं म्हटल्यावर विषय संपला. कुणी कधी विचारत नाय. बानं लाकूड चोरलं जावं म्हणून खोटं खोटं घोरायची जी रीत घातली, त्याच रितीच्या आडून मी — हसू नका. नाय हसलात? मला वाटलं हसलात. मी वाट बघत होतो ती बोंब मारंल, शिव्या देईल. तिचा हक्क होता, सणच त्याचा. ज्याचं जातं तो मारतोच बोंब. मला वाटत होतं तिनं एकदा घसघशीत शिव्या हासडाव्या, म्हंजे मला निदान हलकं वाटंल. ती उभी राहिली. पदर तोंडाला लावला. नि मग म्हणाली, होळीनं मागितली तर मी कोन नाय म्हणणारी? आन मलाच म्हणते, तू नको वाईट वाटून घेऊ रं. — मलाच!

मॅडम, हे हितं संपलं असतं तरी मी जगलो असतो. माणसं काय काय करतात. पण ती संध्याकाळी आली ना होळीवर. वाडीची होळी वेगळी असते, वर, पण ती आमच्या गावच्या होळीला आली, नारळ घेऊन, पुरणाची पोळी घेऊन. ह्या वयाची बाई, डोंगर उतरून, एका दिसात दोनदा. सगळे बोंबा मारतायत, ढोल वाजतोय, नि ही त्या ढिगाभोवती फिरते, वाकून वाकून बघते. मग माझ्याजवळ आली. म्हणाली, कंची रं माझी? मला दिसत नाय नीट, तू दाखव.

ह्या बोटानं. हे बघा, हेच. ढिगात एक ओंडका उभा होता, कुणाच्या तरी शेवग्याचा, पोकळ, लाज वाटावी असला. मी त्याच्याकडं बोट केलं. म्हटलं, ती, ती उभी, ती तुझी. एवढंच. तिथं चटका बसायला पायजे होता बोटाला. काय नाय झालं. तिनं त्या शेवग्याला हळदकुंकू वाहिलं. हात टेकला, असा, कमरेच्या उंचीला. तिला कळायला पायजे होतं ना हाताला? पण माणूस ज्याच्यावर विश्वास ठेवतं त्याच्या बोटापुढं स्वतःच्या हाताचं ऐकत नाय. मग पेटवली होळी. आन ती ओरडली. बोंब नाय. नाव घेतलं. पदू, म्हणाली. मोठ्यांदा. नवऱ्याचं नाव. तुमच्याकडं घेत असतील हो नाव, आमच्याकडं ह्या वयाच्या बाया मरेपर्यंत घेत नाय — जन्मभर ती त्याला ठमीचा बा म्हणत आली, मतदानाच्या यादीवालासुद्धा विचारायचा तर शेजारणीला पुढं करायची. नि त्या दिवशी सगळ्या गावासमोर, पदू, तुझी मेढ आली रं, घे. घे म्हणाली. शेवग्याच्या ओंडक्याला. मी बाजूलाच उभा होतो. ढोलवाल्यानं ढोल थांबवला. बायांनी डोळे पुसले. मी पण पुसले, माझ्याकडं सगळे बघत होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती राख घेऊन गेली. पदरात बांधून. लोखंडी दाराच्या वर फडक्यात बांधून ठेवलीय, उंबरा नाय तर नाय, म्हणते, आता त्याचीच राख हाय दारावर, आता झोप लागते मला. मी नंतर सागवानी उंबरा करून नेला होता, खोटं नाय सांगत, स्वतः खांद्यावर घेऊन वाडीवर चढलो, जीव निघाला चढताना. तिनं परत पाठवला. गोड बोलून. म्हणाली, आता कशाला रं उंबरा, तू तर मला केवढं दिलंस. शेजारच्या बाळाला ताप आला तर त्याला ती राख लावली तिनं. तो बरा झाला. आता वाडीवरच्या बाया मागायला येतात तिच्याकडं चिमूट चिमूट. शेवग्याची राख, मॅडम! आन तेव्हापासनं दर बाजारला पहिला द्रोण मला. पैसे घेत नाय. म्हणते, हिरामणच्या वखारीतनं गेली माझी मेढ देवाला, त्याचं तोंड गोड व्हायला पायजे. तुमी खाल्लीत ना, तीच करवंदं. दाताला काय नाय झालं माझ्या. ऊस खातो मी अजून. नंदा तो द्रोण आणून बरोबर माझ्यापुढं ठेवते नि निघून जाते. तिला माहीत हाय का नाय, मला विचारायची छाती नाय.

काय म्हणालात? — हो, तुमी मोठ्या मनाच्या आहात म्हणून म्हणता. नको तुमाला बाकडं, परत करा तिला. अहो, परत कशी करू? नुसतं लाकूड परत करायचं असतं तर आत्ता तुमच्या टेंपोत घालून वाडीच्या पायथ्याला उतरवलं असतं. हिच्याबरोबर ते पण सांगावं लागंल ना, की तू ज्याच्यापुढं पदू म्हणून ओरडलीस ते काय होतं. ती फडक्यातली राख काय हाय. तिची झोप जाईल, ती माझ्यामुळंच लागलीय, खोटी का असंना. मी स्वतःला हेच सांगतो रोज — की मी गप हाय ते तिच्यासाठी. लई छान वाटतं असं सांगितलं की. अर्धा तास टिकतं.

पुढच्या होळीत? ते मी पण ठरवलं होतं. गपचूप नेऊन टाकायची, तोंडातलं खोटं खरं करायचं, उशिरा का होईना. पण ती येणार ना होळीवर, आता ती दरवर्षी येणार, म्हणालीय तशी. आन हिला ती शंभर लाकडांत ओळखंल, जवळ आली की हात लावंल, हितं, गुळगुळीत जागेवर. मग काय सांगू? एकच मेढ दोनदा कशी जळंल? चिरून टाकावी म्हटलं, तुकडे केले की कोण ओळखतंय — मशीनवर चढवली पण एकदा. ब्लेड फिरत होती. नाय झालं माझ्याच्यानं. इकवत नाय, जाळवत नाय, चिरवत नाय, देववत नाय. म्हणून तुमाला म्हटलं होळीत गेली. तिला खोटं बोललो तुमाला द्यायची म्हणून, नि तुमाला तेच खोटं बोललो द्यायची नव्हती म्हणून. बाचं नाव हाय अजून गेटावर. त्याला लोकं म्हणायची, आबाजीकडं ओंडका ठेवला म्हंजे बँकेत ठेवला.

हो, तुमचं बरोबर हाय. ते पण मला माहीत हाय. मी तिच्यासाठी गप नाय. मला त्या करवंदांची — ऐका ना, कसं सांगू — ती वाडीवर सगळ्यांना सांगते, हिरामण भला माणूस. बायका मला बघून वाट देतात. मी चोरलं ते लाकूड नाय मॅडम, लाकूड तर हे उभं हाय हितं. मी हे चोरलं. नि हे मला सोडवत नाय. आता कळलं? इतके दिस मलाच नव्हतं कळलं, तुमच्यापुढं बोलता बोलता —

थांबा. गेट वाजलं?

तीच हाय. बाजार उठला, भुसा न्यायला आली. पाटी रिकामी दिसतीय, सगळी इकली गेली बघा आज. — नाय, नका. ताडपत्री सोडा. सोडा म्हणतो ना ताई. तुमी झाकलीत तर मी आयुष्यभर झाकत राहीन, मला माहीत हाय मी कसला हाय. राहू दे. तुमी आता जा. टेंपो रिकामाच न्या, त्या तुळईचं नंतर बघू, नायतर नका बघू, कर्जतला दुसरी हायत दुकानं. जाताना तिच्याशी बोलू नका काय. नुसत्या जा.

मावशी! — नाय, भुसा राहू दे. भुसा मग देतो. ये हितं, मागं ये. सांभाळून, खिळे हायत. त्या द्रोणातली करवंदं? ठेव ती. नको मला. नको म्हणतो ना गं, त्यांना दे त्या ताईंना, मला नको देऊस. आधी हितं बघ. दिसत नाय? हात दे. हात दे तुझा. हितं, कमरेजवळ. — कळलं?

मी दाखवली ती तुझी नव्हती, मावशी. शेवगा होता. होळीनं नव्हती मागितली, मी ठेवली होती. — मार ना. बोंब मार. तेव्हा नाय मारलीस, आता मार, सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे. शिव्या दे. मावशी, अगं अशी नुसता हात फिरवत नको उभी राहू.